ट्यून केलेल्या गाडीला किती सीसीचे इंजेक्टर घ्यायचे? नवीन लोकांसाठी पायरी पायरीने

गाडीला टर्बो चढवायचा किंवा आहे तो बूस्ट (टर्बो हवा दाबून भरतो ते प्रेशर) वाढवायचा ठरला की प्रश्न येतो इंजेक्टरचा, आणि आमच्याकडे गोव्यात गॅरेजमध्ये त्याचं तयार उत्तर मिळतं, "पात्रांव, व्हडलेच घाल मरे, फुडें कामाक येतले" (मोठेच घाल, पुढे कामाला येतील). हे ऐकून लोक ऑनलाइन सगळ्यात मोठा आकडा दिसेल तो मागवतात आणि मग सहा महिने गाडी सिग्नलला बंद पडते, पेट्रोलचा वास येतो, ॲव्हरेज निम्मं होतं. मोठा इंजेक्टर पॉवर देत नाही. पॉवर हवा देते, इंजेक्टर फक्त त्या हवेला पुरेल एवढं पेट्रोल वेळेत आत सोडतो. म्हणून आधी हिशोब, मग खरेदी. इंजेक्टरचे सीसी म्हणजे इंजिनाचे सीसी नव्हेत, एक इंजेक्टर मिनिटाला किती सीसी पेट्रोल सोडू शकतो तो आकडा. मी फोंड्यात राहतो, माझ्याकडे लिनिया टी-जेट आहे, तिच्यासाठी हे सगळं केलंय आणि मित्रांच्या गाड्यांनाही करून दिलंय, तर जे लागतं ते क्रमाने लिहितो. हे सगळं पेट्रोल गाडीसाठी आहे, डिझेलचं गणित पूर्ण वेगळं.

१. आधी इंजिन कुठल्या प्रकारचं आहे ते बघा

दोन प्रकार आहेत. एकात इंजेक्टर इनटेक पोर्टमध्ये व्हॉल्व्हच्या मागे पेट्रोल मारतो, त्याला आपल्याकडे सरळ एमपीएफआय म्हणतात. दुसऱ्यात इंजेक्टर थेट सिलेंडरच्या आत मारतो, म्हणजे डायरेक्ट इंजेक्शन. फोक्सवॅगन-स्कोडाचे टीएसआय, थारचं पेट्रोल इंजिन हे डायरेक्टवाले. तिथे प्रेशर २०० बारच्या पुढे जातं, इंजेक्टरसोबत हाय प्रेशर पंपाची मर्यादा येते, आणि पुढचं गणित जसंच्या तसं लागू होत नाही. तुमची गाडी तशी असेल तर इथेच थांबा आणि त्या इंजिनावर काम केलेल्या ट्यूनरशी बोला.

लिनिया टी-जेट, अबार्थ पुंटो, पहिली ऑक्टाव्हिया व्हीआरएस, एमपीएफआयवाली एस्टीम, सिटी आयव्हीटेक, नेक्सॉनचं १.२ टर्बो पेट्रोल, या एमपीएफआय गाड्या, यांना हा लेख चालेल. एक सावधगिरी मारुतीच्या ड्युअलजेटवाल्यांसाठी. त्या चार सिलेंडरच्या इंजिनात प्रत्येक सिलेंडरला दोन इंजेक्टर असतात, म्हणजे एकूण आठ. कोणी चारने भागून हिशोब दिला तर तो दुप्पट येईल.

२. बदलायची गरज आहे का, हे मोजून ठरवा

फक्त एअर फिल्टर, एक्झॉस्ट आणि साधा रिमॅप (ईसीयूतला, म्हणजे इंजिनाच्या कॉम्प्युटरमधला, पेट्रोलचा मॅप बदलणं) केला असेल तर बहुतेक वेळा कंपनीचे इंजेक्टर पुरतात, कारण कंपनी थोडी जागा शिल्लक ठेवते. अंदाज नको, मोजा. लागणारा आकडा एकच, ड्युटी सायकल. इंजेक्टर एकूण वेळेतला किती टक्के वेळ उघडा असतो, ते.

फोर स्ट्रोक इंजिनाला एक फेरा पूर्ण करायला क्रँकच्या दोन चकरा लागतात. ६००० आरपीएमला त्या दोन चकरा २० मिलिसेकंदांत होतात, ७००० ला साधारण १७ मिलिसेकंदांत. म्हणजे आरपीएम जसा वाढतो तसा इंजेक्टरला मिळणारा वेळ कमी होतो आणि पेट्रोल मात्र जास्त हवं असतं, सगळी ओढाताण इथेच आहे. एका फेऱ्यात इंजेक्टर जेवढा वेळ उघडा राहतो तो पल्स. सोपं सूत्र:

ड्युटी % = पल्स (मिलिसेकंद) × आरपीएम ÷ १२००

समजा फुल थ्रॉटलला (पाय पूर्ण दाबून) ६५०० आरपीएमवर लॉगमध्ये, म्हणजे चालताना नोंदवलेल्या आकड्यांत, पल्स १२ मिलिसेकंद दिसतोय. १२ × ६५०० ÷ १२०० म्हणजे ६५ टक्के. भरपूर जागा आहे, पैसे वाचवा. तेच १५.५ मिलिसेकंद असेल तर ८४ टक्के, म्हणजे काठावर आलात. ८५ च्या वर नेहमी चालवायचं नाही. इंजेक्टरला बंद व्हायलाच वेळ मिळाला नाही तर तो जवळजवळ उघडाच राहतो, मग ईसीयूने कितीही मागितलं तरी पेट्रोल वाढत नाही. वरच्या आरपीएमला मिश्रण लीन होतं (हवेच्या मानाने पेट्रोल कमी), नॉकिंग म्हणजे अवेळी स्फोटासारखं जळणं सुरू होतं आणि टर्बो इंजिनात पिस्टन जायला मग फार वेळ लागत नाही.

गाडीच्या तपासणी पोर्टला लावायचा स्वस्तातला ब्लूटूथ ओबीडी डोंगल प्रत्येक गाडीत पल्स दाखवतोच असं नाही. ट्यूनरच्या लॉगिंग सॉफ्टवेअरमध्ये तो नक्की दिसतो, नाहीतर ऑसिलोस्कोप असलेला चांगला ऑटो इलेक्ट्रिशियन इंजेक्टरच्या वायरवर मोजून देतो. फुल थ्रॉटलचा लॉग घ्यायचा तर डायनोवरच (गाडी रोलरवर उभी चालवून पॉवर मोजायचं मशीन) घेतलेला बरा. चोर्ला घाटात किंवा मोपाच्या रस्त्यावर हा उद्योग नको, तिथे समोरून टँकर आणि टुरिस्ट दोन्ही येतात.

३. किती एचपी हवेत ते एकदाच आणि खरं ठरवा

सगळा हिशोब या आकड्यावर उभा राहतो. आणि हा आकडा क्रँकचा पाहिजे, चाकाचा नाही. डायनो चाकावरची पॉवर दाखवतो, फ्रंट व्हील मॅन्युअल गाडीत मध्ये साधारण १२ ते १५ टक्के जातात. डायनोवर १५५ दिसले तर क्रँकला १८० च्या आसपास धरा. चाकाचा आकडा घेऊन इंजेक्टर काढलात तर तेवढेच छोटे पडतील.

"पुढे कधीतरी ३०० करीन" असं म्हणून आत्ता ३०० चे घेऊ नका. येत्या वर्षभरात ज्या टर्बोवर, ज्या क्लचवर, ज्या पिस्टनवर गाडी प्रत्यक्ष धावणार आहे त्याचा आकडा धरा.

४. हिशोब

इंजिन एक एचपी बनवायला तासाला किती पेट्रोल खातं त्याला बीएसएफसी म्हणतात. टर्बो नसलेल्या इंजिनाला तासाला एचपीमागे साधारण ०.५० पौंड धरतात, टर्बोला ०.६० ते ०.६५, कारण टर्बो इंजिनात ज्वलन थंड ठेवायला मुद्दाम थोडं जास्त पेट्रोल मारावं लागतं. इंजेक्टर विकणारे कधी पौंड-तास लिहितात, कधी सीसी-मिनिट, तर एक पौंड-तास म्हणजे साधारण १०.५ सीसी-मिनिट हे पाठच करून टाका. त्यावरून सोपं होतं:

टर्बो नसेल तर दर एचपीला ५.२५ सीसी प्रति मिनिट.
टर्बो असेल तर दर एचपीला ६.३ सीसी प्रति मिनिट, हे ०.६० धरून.

आता टी-जेटचं उदाहरण. लिनिया कंपनीतून ११४ पीएस देते, अबार्थ पुंटो त्याच १.४ इंजिनावर १४५ देते. आपलं टार्गेट १८० एचपी क्रँकला धरू.

१८० × ६.३ = ११३४ सीसी, हे पूर्ण इंजिनाला एका मिनिटाला.
चार इंजेक्टर, म्हणून ÷ ४ = २८३.५
ड्युटी ८० टक्क्यांच्या वर न्यायची नाही, म्हणून ÷ ०.८० = ३५४ सीसी

दुसरं उदाहरण टर्बो नसलेल्या सिटीचं, हेडवर्क आणि कॅम करून १३० एचपी. १३० × ५.२५ = ६८२, ÷ ४ = १७१, ÷ ०.८० = २१३ सीसी. बघा, किती कमी लागतं. साध्या इंजिनावर ५५० सीसी बसवलेल्या गाड्या मी बघितल्या आहेत, त्यांना त्याचा काडीचाही उपयोग नव्हता.

हा अजून शेवटचा आकडा नाही. पेट्रोल आणि प्रेशर बाकी आहे आणि बहुतेक लोक तिथेच चुकतात.

५. पंपावरचं पेट्रोल ई२० आहे, ते धरा

वरचे बीएसएफसीचे आकडे शुद्ध पेट्रोलच्या काळातले आहेत. आता पंपावर साधं पेट्रोल म्हणून मिळतं त्यात २० टक्के इथेनॉल असतं. शुद्ध पेट्रोलला पूर्ण जळायला १४.७ पट हवा लागते, इथेनॉलला फक्त ९ पट, त्यामुळे ई२० चा आकडा साधारण १३.५ येतो. याचा सरळ अर्थ असा की तेवढ्याच हवेला ८ ते ९ टक्के जास्त इंधन द्यायला पाहिजे. परदेशी कॅल्क्युलेटरमध्ये नुसतं पेट्रोल निवडलं तर हे ९ टक्के त्यात नसतात. बांदा-सावंतवाडीचे लोक आपल्याकडे स्वस्त म्हणून भरून जातात पण सीमेच्या अलीकडे काय आणि पलीकडे काय, ई२० तेच.

३५४ × १.०९ = ३८६ सीसी.

आता थोडी जागा ठेवायची, दहा-पंधरा टक्के, उन्हाळ्यातला गरम इंधन पंप, थोडा जुना फिल्टर, एखादा सुस्त इंजेक्टर यांच्यासाठी. म्हणजे ४२० ते ४४० सीसीचा सेट या गाडीला बरोबर. ४४० घेतले तर १८० एचपीला ई२० वर ड्युटी साधारण ७० टक्के राहते. सुंदर.

अजून एक, वाइडबँड गेजबद्दल. हा गेज एक्झॉस्टमधून मिश्रण वाचतो. तो खरं तर लॅम्डा मोजतो (बरोबर मिश्रण म्हणजे १, त्याखाली पेट्रोल जास्त, वर कमी) आणि पेट्रोलचे १४.७ गुणून दाखवतो. ई२० भरलेलं असतानाही तो बरोबर मिश्रणाला १४.७ च दाखवेल. म्हणून ट्यूनरशी बोलताना लॅम्डात बोला, गोंधळ होत नाही. फुल थ्रॉटलला टर्बो गाडीत ०.८० ते ०.८५, टर्बो नसेल तर ०.८६ ते ०.९० च्या आसपास हे रोजच्या वापराचे आकडे आहेत.

६. कुठल्या प्रेशरला ४४०? हे विचारल्याशिवाय पैसे देऊ नका

इंजेक्टरवर लिहिलेला आकडा एका ठराविक प्रेशरचा असतो. बहुतेक कंपन्या ३ बारला मोजतात, काही विकणारे ४ बारचा आकडा मोठ्या अक्षरात लावतात म्हणजे इंजेक्टर मोठा वाटतो. बदल वर्गमुळाने होतो: नवीन फ्लो = जुना फ्लो × √(नवीन प्रेशर ÷ जुनं प्रेशर). ३ वरून ४ बारला गेलात तर √१.३३, म्हणजे १.१५५ पट. प्रेशर ३३ टक्के वाढवलं आणि पेट्रोल वाढलं फक्त साडेपंधरा टक्के. म्हणजे ४ बारला "४४०" म्हणून विकलेला इंजेक्टर ३ बारला ३८० चाच आहे.

आणि प्रेशर म्हणजे रेलमधलं (इंजेक्टरना पेट्रोल पोचवणारी नळी) नुसतं प्रेशर नाही. इंजेक्टरच्या एका बाजूला रेल, दुसऱ्या बाजूला मॅनिफोल्ड (इंजिनात हवा नेणारा भाग), आणि पेट्रोल ढकलतो तो या दोघांतला फरक. घराच्या गच्चीवरच्या टाकीचा नळ तळमजल्यावर जोरात येतो आणि वरच्या मजल्यावर बारीक, तसंच. मॅनिफोल्डमध्ये एक बार बूस्ट आला की तो इंजेक्टरच्या तोंडावर उलटा दाबतो.

इथे गाडीची सिस्टीम बघायची. प्रेशर रेग्युलेटरला मॅनिफोल्डमधून व्हॅक्यूमची नळी आली असेल तर बूस्टबरोबर रेलचं प्रेशरही वाढतं आणि फरक ३ बारच राहतो, काळजी नाही. पण रेग्युलेटर टाकीत असेल, रेलमधून जास्तीचं पेट्रोल परत नेणारी रिटर्न लाइन नसेल, तर रेल कायम एकाच प्रेशरला असते. अशा गाडीत रेल ४ बारला असली आणि बूस्ट १ बार असला तर फरक ३ चाच उरतो, आणि फ्लो ४ बारच्या आकड्याच्या ८७ टक्के होतो. हे ट्यूनरला आधी सांगा, त्याच्या मॅपमध्ये ते धरावं लागतं.

"इंजेक्टर नको, प्रेशर वाढवू" असा सल्ला मिळेल. थोडं, म्हणजे ३ वरून ३.५ ला, चालतं. त्यातून ८ टक्के मिळतात. त्याच्या वर गेलात तर पंप हाफतो आणि इंजेक्टर उघडायलाच उशीर करतो.

७. पंप पुरतो का

१८० एचपीला ११३४ सीसी मिनिटाला, ई२० चे ९ टक्के धरून १२३६, म्हणजे तासाला साधारण ७४ लिटर. हे पंपाने ३ बार अधिक १ बार बूस्ट, म्हणजे ४ बारला द्यायचंय. पंपाच्या खोक्यावर लिहिलेला लिटरचा आकडा जवळजवळ नेहमी कमी प्रेशरचा असतो, प्रेशर वाढलं की तो झपाट्याने पडतो, म्हणून कंपनीचा प्रेशर-फ्लो तक्ता बघा आणि ४ बारला किमान ९५-१०० लिटर देणारा घ्या. पंपाला १३.५ व्होल्ट पोचतात का तेही मीटर लावून बघा. आमच्या किनाऱ्यावरच्या खाऱ्या हवेत टाकीवरचं कनेक्टर हिरवं झालेलं असतं, पंप चांगला असूनही व्होल्टेज ११ वर आलेलं सापडतं आणि बिचाऱ्या इंजेक्टरला दोष मिळतो.

८. बसतात का ते बघा

रेझिस्टन्स: मल्टिमीटरने इंजेक्टरच्या दोन पिनांवर ओहम मोजा. १२ ते १६ ओहम म्हणजे हाय इम्पिडन्स, आजच्या जवळजवळ सगळ्या गाड्यांचे ईसीयू यासाठीच असतात. २ ते ४ ओहम आला तर लो इम्पिडन्स, तो थेट लावला की ईसीयूमधलं इंजेक्टर चालवणारं सर्किट (ड्रायव्हर) जळतं. जुन्या जपानी गाड्यांचे मोठे इंजेक्टर मुंबईहून स्वस्तात येतात ते बहुधा हेच असतात, सोडून द्या.

कनेक्टर: जुन्या बॉश गाड्यांचं, नव्या बॉशचं, डेन्सोचं, तिन्ही वेगळी. ॲडॅप्टर मिळतात पण आमच्या पावसात प्रत्येक जास्तीचा जोड म्हणजे ओल शिरायची जागा. शक्यतो गाडीचंच कनेक्टर बसेल असा सेट शोधा.

लांबी आणि ओ-रिंग: एकाच फ्लोचा इंजेक्टर छोट्या, मधल्या, लांब अंगाचा येतो. जुना काढून व्हर्नियरने वरच्या ओ-रिंगपासून खालच्या ओ-रिंगपर्यंत मोजा, ओ-रिंगचा व्यासही मोजा. ओ-रिंग इथेनॉलला टिकणाऱ्या व्हायटनच्याच घ्या.

स्प्रे: प्रत्येक सिलेंडरला दोन इनटेक व्हॉल्व्ह असतील तर दोन धारांचा स्प्रे पाहिजे, दोन्ही व्हॉल्व्हवर पडणारा. एका धारेचा टाकलात तर पेट्रोल मधल्या भिंतीवर आपटून ओघळतं आणि थंड स्टार्टला त्रास देतं. फ्लो बरोबर म्हणून स्प्रे विसरू नका.

९. डेटाशिवाय इंजेक्टर घेऊ नका

मला सगळ्यात कळकळीने सांगायचंय ते हेच.

ईसीयूने "उघड" म्हटल्यावर इंजेक्टर लगेच उघडत नाही, साधारण एक मिलिसेकंद वाया जातो. याला डेड टाइम म्हणतात. बॅटरीचं व्होल्टेज कमी झालं की तो वाढतो, प्रेशर वाढलं तरी वाढतो. मॅपमध्ये हा तक्ता भरावा लागतो, व्होल्टेजप्रमाणे. तो नसेल तर ट्यूनर अंदाजाने भरतो, आणि मग गाडी आयडलला (उभी, ॲक्सिलरेटर न देता) कधीच नीट राहत नाही.

का ते आकड्यात बघा. समजा मूळ इंजेक्टर २५० सीसीचे, आयडलला पल्स २.५ मिलिसेकंद, त्यातला १ डेड टाइम, म्हणजे कामाचा १.५. तिथे ४४० लावले तर कामाचा वेळ ०.८५ उरतो. १००० सीसीचे लावले तर ०.३७. आता डेड टाइममध्ये फक्त ०.१ मिलिसेकंदाची चूक झाली, तर ४४० ला मिश्रण १२ टक्के हलतं आणि १००० ला २७ टक्के. शिवाय एवढ्या छोट्या पल्सला इंजेक्टर सरळ रेषेत वागतच नाही. मोठे इंजेक्टर आयडलला का रडतात ते हे असं. चांगले मोठे इंजेक्टर चांगल्या डेटासकट सांभाळता येतात, पण नाव-गाव नसलेले येत नाहीत.

म्हणून विकत घेताना तीन गोष्टी मागा: फ्लो आणि तो कुठल्या प्रेशरला, व्होल्टेजप्रमाणे डेड टाइमचा तक्ता, आणि चारही इंजेक्टरचं जुळवलेलं फ्लो शीट. "सेम टू सेम बॉश" म्हणून विकतात त्यांना पार्ट नंबर विचारा. बॉशचा नंबर ०२८०१५ ने सुरू होतो आणि अंगावर नीट कोरलेला असतो. नंबर मिळाला की डेटा मिळतो. बाहेरून मागवत असाल तर कस्टम ड्युटी आणि जीएसटी धरून किंमत काढा, नाहीतर स्वस्त वाटलेला सेट घरी येईपर्यंत महाग होतो.

वापरलेला सेट घेणार असाल तर आधी टेस्ट बेंचवर लावा. गोव्यातही इंजेक्टर क्लीनिंगच्या मशिनी बऱ्याच गॅरेजमध्ये आहेत, मागे उभे राहून स्वतः बघा. चार काचेच्या नळ्या शेजारी शेजारी भरत जातात, बटण बंद झालं की डोळे रेषेच्या पातळीला आणून वाचा. तीन नळ्या ९० ला आणि चौथी ८२ ला थांबली असेल तर तो सेट घेऊ नका. मिश्रण ठरवणारा लॅम्डा सेन्सर एकच असतो, तो चारही सिलेंडरची सरासरी वाचतो, गेजवर सगळं छान दिसेल आणि एक सिलेंडर मात्र बाकीच्यांपेक्षा नऊ टक्के लीन चालत राहील. चौघांत दोन-तीन टक्क्यांपेक्षा जास्त फरक नको. मग नुसतं प्रेशर चालू ठेवून पल्स बंद करायला सांगा आणि एक मिनिट टोकांकडे बघा, थेंब जमला तर तो इंजेक्टर गळतोय.

१०. काय काय जमवायचं

कागद: आरसी, इन्शुरन्स, चालू पीयूसी, इंजेक्टरचं बिल, फ्लो शीट, डेड टाइम तक्ता, बदल करण्याआधीचा लॉग आणि मूळ मॅपचा बॅकअप. बॅकअप ट्यूनरकडे नाही, तुमच्याकडे.

सामान: मल्टिमीटर, व्हर्नियर, फ्युएल प्रेशर गेज, ओबीडी अडॅप्टर, वाइडबँड, नवीन ओ-रिंगचा सेट, नवीन फ्युएल फिल्टर, स्वच्छ कापड, एअर कॉम्प्रेसर आणि हाताला लागेल असा फायर एक्स्टिंग्विशर.

कायद्याचं थोडक्यात. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ प्रमाणे कंपनीने दिलेल्या तपशिलापासून गाडी वेगळी होईल असा बदल करता येत नाही, आणि कलम १८२अ मध्ये मालकाला अशा प्रत्येक बदलामागे ५,००० रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही, अशी तरतूद आहे. इन्शुरन्सला न सांगता पॉवर वाढवली तर क्लेमच्या वेळी अडचण येते. हे डोळे उघडे ठेवून ठरवा, आणि पूर्ण तयार केलेली गाडी ट्रॅकवरच चालवा.

११. बसवताना

इंजिन थंड पाहिजे. पंपाचा फ्यूज काढून गाडी स्टार्ट करा, ती आपोआप बंद पडली की रेलचं प्रेशर गेलं. मग बॅटरीची निगेटिव्ह काढा. रेल उचलायच्या आधी इंजेक्टरच्या मुळाशी कॉम्प्रेसरने हवा मारा, नीट मारा. आमच्याकडची लाल धूळ तिथे खोबणीत थर करून बसलेली असते, इंजेक्टर वर आला की ती सरळ पोर्टमध्ये पडते. भोकं उघडी ठेवू नका, स्वच्छ कापडाने झाका.

नवीन ओ-रिंगला बोटाने इंजिन ऑइलचा पातळ थर लावा आणि इंजेक्टर सरळ दाबत, किंचित फिरवत बसवा. सिलिकॉन ग्रीस लावू नका. कोरडी ओ-रिंग रेलच्या कडेवर कापली जाते, चिरा डोळ्याला दिसत नाही आणि गरम मॅनिफोल्डवर पेट्रोल ठिबकतं. रेल बसली की बोल्ट घट्ट करण्याआधी प्रत्येक इंजेक्टर हाताने फिरतो का बघा, फिरला तर नीट बसलाय.

स्टार्ट करण्याआधी मॅपमध्ये नवीन फ्लो आणि डेड टाइम भरलेला पाहिजे. मग फक्त इग्निशन दोन-तीन वेळा ऑन करून पंप चालू द्या, टॉर्च घेऊन प्रत्येक ओ-रिंग बघा, बोट फिरवून वास घ्या. कोरडं असेल तरच स्टार्टर मारा.

१२. ट्रिम वाचायला शिका

गाडी गरम झाली की ओबीडीवर शॉर्ट टर्म आणि लाँग टर्म ट्रिम बघा, म्हणजे ईसीयू स्वतःहून किती टक्के पेट्रोल वाढवतोय (अधिक) किंवा कमी करतोय (उणे) ते. दोन्ही मिळून अधिक-उणे ५ टक्क्यांच्या आत असले की छान. बाहेर असतील तर कुठे बाहेर आहेत ते बघा, तिथेच उत्तर आहे.

आयडलला, २५०० ला, हायवेला, सगळीकडे सारखेच उणे १० येतात? फ्लोचा आकडा चुकीचा भरलाय, बहुतेक वेगळ्या प्रेशरचा.

हायवेला बरोबर आणि आयडलला उणे १५? डेड टाइम चुकलाय.

एसी आणि हेडलाइट लावल्यावर आयडल हलतो, बंद केले की ठीक? व्होल्टेज १४ वरून १३ ला येतंय आणि तक्त्यातली ती ओळ चुकीची आहे. आपल्याकडे बाराही महिने एसी चालू असतो, तर ट्यूनरकडे ही टेस्ट करून घेतल्याशिवाय निघू नका, एसी चालू, पंखा फुल, लाइट चालू, गाडी उभी, दहा मिनिटं.

खाली सगळं ठीक पण फुल थ्रॉटलला वर वर जाताना लॅम्डा वाढत जातो? पाय काढा. पंप किंवा प्रेशर कमी पडतंय. रेलला गेज लावून बूस्टमध्ये प्रेशर पडतं का ते बघितल्याशिवाय मॅपमध्ये पेट्रोल वाढवू नका, ते झाकण्यासारखं आहे.

डायनो इथे हाताशी मिळेलच असं नाही, पुणे, बेंगळुरू किंवा कोईमतूरला जावं लागतं. जायच्या आधी वरच्यातल्या पहिल्या तीन टेस्ट घरी करून जा म्हणजे डायनोचा तास आयडल सुधारण्यात जात नाही. आणि तिथे पोचेपर्यंत बूस्ट कंपनीच्या पातळीवर ठेवा, घाटात जोर काढायचा नाही.

आठवडाभर चालवल्यावर प्लग काढून चारही शेजारी ठेवून बघा, एखादा काळा किंवा एखादा पांढरट दिसला तर त्या सिलेंडरचा इंजेक्टर परत बेंचवर. पहिल्या पावसानंतर कनेक्टर उघडून ओल बघा आणि ट्रिम पुन्हा वाचा. जुने इंजेक्टर फेकू नका, सिलेंडरचा नंबर लिहून, तोंडाला टोपी लावून, थोडं ऑइल मारून हवाबंद डब्यात ठेवा. गाडी कधी स्टॉकवर न्यायची झाली तर तोच सेट आणि तुमच्याकडचा मूळ मॅप, एवढ्याने काम होतं.